माठ मुंबईत गार का होत नाही?



मे महिन्यात नागपूरला 42 अंश, मुंबईत 34. मग मुंबईकरांची कुरकुर कशाला? उत्तर माठात आहे. माठातून झिरपलेलं पाणी वाळतं, तेव्हा आतलं पाणी गार होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत हे झकास जमतं. मुंबईत माठ नुसता ओला राहतो. आपलं शरीरही माठच. घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो.

थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. 42 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर तो साधारण 22 दाखवेल. 34 अंश आणि 75 टक्क्यांना 30. हा आकडा 35 ला पोचला, तर सावलीतला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तगत नाही. त्रास तर बराच आधी सुरू होतो.

आता गोवंडीतली, भिवंडीतली पत्र्याची खोली आठवा. भर दुपारी गॅससमोर अम्मी उभी असते. याला नशीब म्हणू नका.

2010 च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर अहमदाबादनं 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. आपण मोहल्ल्यापासून सुरुवात करू. पत्र्यावर पांढरा चुना मारू, पाणपोई लावू. आणि मशिदीतला पंख्यांचा हॉल दुपारी सगळ्यांसाठी उघडा ठेवायला सांगू: कोणत्याही धर्माचा हातगाडीवाला असो, आणि आपल्या अम्मी-बहिणीही. जागा नाही, असं उत्तर येईल. तरी विचारू.