सनद मिळाली, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला, महिला आणि वकिली. तो ऐकून आमचा एक मित्र म्हणाला, "दादा, तुमचा आणि वकिलीचा संबंध काय?" संबंध आहे. आम्ही शाळा सोडून गिरणीत लागलो आणि कायदा शिकलो तो युनियनच्या तारखांना. कामगार न्यायालयाच्या बाकड्यावर बसून बसून. तारीख पडायची, पुन्हा तारीख पडायची, आणि मधल्या वेळात आम्ही वकिलांच्या फायली वाचायचो. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरी जमीन असणार, चार माणसं असणार. ज्याच्याकडे गावकी नाही, पैसा नाही, त्याने कोर्टाची पायरी चढायची नाही तर कुठली चढायची? बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचा प्रश्न सत्याग्रहाने लढवला, आणि तोच प्रश्न पुढे हायकोर्टापर्यंत नेऊन १९३७ साली जिंकला. दोन्ही केलं. हे आपण विसरतो.

आता बायकांचं बघा. वकिलीचा दरवाजा बायकांना किती वर्षं बंद होता, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. कॉर्नेलिया सोराबजी ही बाई आपल्याच भागातली म्हणायची. जन्म १८६६, नाशिक. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेत अव्वल आली. त्या गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली, का तर ती बाई. मग लोकांच्या मदतीने ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा दिली. परीक्षा देऊ दिली, पदवी नाही दिली! ती दिली १९२२ साली. म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचीही कायद्याची परीक्षा झाली, तरी कोर्टात उभं राहायची परवानगी नाही. बंगालमध्ये पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटीची कामं सरकारी सल्लागार म्हणून तिने १९०४ पासून केली. शेकडो बायकांचे कागद सांभाळले. (तिची राजकीय मतं आम्हाला मुळीच पटणारी नाहीत, ती इंग्रजी राज्याच्या बाजूची होती. पण माणसाचं काम आणि माणसाचं मत वेगवेगळं तोलावं लागतं.)

कलकत्त्याला १९१६ साली रेजिना गुहा नावाच्या मुलीने वकिलीसाठी अर्ज केला. हायकोर्टाने सांगितलं की कायद्यात "व्यक्ती" असं लिहिलं आहे, त्यात बाई येत नाही. पाटण्याला १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांना तेच उत्तर. बंधूंनो, "तू माणसात येत नाहीस" हे वाक्य आपल्या कानाला नवीन आहे का? आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावर हेच ऐकवत होते, फक्त इंग्रजीत नव्हते ऐकवत. त्याच १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाला वकील म्हणून घेतलं आणि १९२३ साली खास कायदा होऊन बायकांवरची बंदी उठली.

हे १९२३ साल ध्यानात ठेवा. याच वर्षी मिठन टाटा लंडनला बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. याच वर्षी बाबासाहेबांनीही मुंबई हायकोर्टात वकिलीला सुरुवात केली. सनदेला लागणारे पैसेसुद्धा त्यांच्याजवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. पण सनद मिळाली म्हणून कामं आली का? नाही आली. हायकोर्टातलं काम सॉलिसिटरांच्या हातून यायचं आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कागद कोण देणार? जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस घर चालवायला हिशेबाच्या एका क्लासात व्यापारी कायदा शिकवत होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून गिरण्यांतल्या गोरगरिबांची कामं घेत होता. तिकडे रमाई पोयबावडीच्या चाळीत दोन वेळचं जुळवत होत्या. त्यांनी घर धरून ठेवलं नसतं तर पहिली वर्षं कशी निघाली असती, याचा विचार आम्ही गिरणीत असल्यापासून करत आलो आहोत.

हे एवढं लांबण का लावलं? तर आमचं म्हणणं एकच आहे. मुलीला सनद मिळाली की आपण सत्कार करतो, शाल देतो, बाबासाहेबांची तसबीर देतो, पेढे वाटतो. आणि खरी अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

आपल्या ओळखीतलीच एक मुलगी आहे, नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. सनद घेतली, एका वकिलांच्या हाताखाली लागली. सकाळी हिंजवडीच्या गर्दीतून बसने शिवाजीनगर, संध्याकाळी तसंच परत. महिन्याला हातात काय? भाडं आणि डबा वजा जाता शून्य. वर बाकीचे ज्युनियर संध्याकाळी साहेबांच्या चेंबरला आठ-नऊपर्यंत थांबतात. काम तिथंच शिकायला मिळतं, पक्षकार तिथंच भेटतात. हिला सातच्या बसचा घोर. घरी आई म्हणते, "लोक काय म्हणतील?" वडील म्हणतात, "यापेक्षा कंपनीत लागली असती तर पंधरा-वीस हजार आले असते." दीड वर्षाने स्थळ आलं. पाहुण्यांनी सांगितलं, वकिली नको, दुसरं काहीही चालेल. काळा कोट आता कपाटात आहे.

वडील वाईट नाहीत. हिशेब मांडला तर त्यांचंच बरोबर दिसतं. म्हणून हिशेबच बदलावा लागेल. वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेने २०२४ साली ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. उलट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली पाहिजे. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. कोर्ट न बघितलेला पोरगा न्यायदानाला बसला तर पक्षकाराचे हाल. पण ती तीन वर्षं ज्याच्या घरी खायला आहे तोच काढणार. आपली मुलगी तीन वर्षं टिकली नाही तर वकिली गेलीच, न्यायाधीशाची खुर्चीही गेली.

आणि खुर्चीचं म्हणाल तर, सर्वोच्च न्यायालय सुरू झालं १९५० साली. पहिली महिला न्यायाधीश फातिमा बीवी, १९८९. मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर, १९७८. त्याच पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९५० पासून २०२१ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात मिळून किती महिला न्यायाधीश नेमल्या गेल्या? अकरा! एकाहत्तर वर्षांत अकरा, आणि त्यांत आपल्या समाजातली एकही नाही. मे २०२५ मध्ये भूषण गवईसाहेब सरन्यायाधीश झाले, पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आपण सगळ्यांनी आनंद केला आणि करायलाच पाहिजे होता. पण त्या दिवशी एका आजीने विचारलं, "आपली पोरगी कधी बसायची रं तिथं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

काहीजण म्हणतात, बाई असो की बुवा, कायदा तोच, मग फरक काय पडतो? पडतो. विदर्भातल्या एका आदिवासी मुलीवर १९७२ साली पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. नागपूरच्या खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. कारण काय, तर तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यांत दोन बायका होत्या, लतिका सरकार आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांपुढे एक गरीब पोर ओरडेल कशी, एवढा साधा प्रश्न होता. त्यातून देशभर आंदोलन उठलं आणि १९८३ साली कायदा बदलला. इंदिरा जयसिंग यांचं नाव आमच्या पिढीच्या कामगारांना माहीत आहे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या वतीने त्या सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, १९८५ चा तो निकाल. फ्लेविया अ‍ॅग्नेस स्वतः नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडल्या, संसार झाल्यावर कायदा शिकल्या आणि मुंबईत मजलिस नावाची संस्था काढून हजारो बायकांचे खटले लढवले. म्हणजे वय झालं, लेकरं झाली, आता काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या सुनांनीही हे ऐकावं.

पण एक सांगून ठेवतो. बाई वकील म्हणजे फक्त घटस्फोट आणि पोटगी, असा एक खड्डा खणून ठेवलेला आहे. आपल्या मुलींनी त्यात पडू नये. जमिनीचे दावे, कामगारांचे दावे, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे खटले, सगळं घ्यावं.

जमिनीवरून आठवलं, आणि हे बोलणं काहींना टोचेल. आपल्या मुळशीत हिंजवडीमुळे गुंठ्याला काय भाव आला ते तुम्ही जाणता. व्यवहार ठरला की सासरच्या बहिणींची आठवण येते. गाडी पाठवायची, एक साडी, जेवण, आणि रजिस्ट्रार कचेरीत हक्कसोडपत्रावर सही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडलं. त्यातलाच वारसा कायदा १९५६ साली आला आणि तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा झाला त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क आहे. आधीच रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या वतनी जमिनींचा गुंता आणखी निराळा, १९५८ चा वतन निर्मूलन कायदा, फेरदेणगी, विक्रीला कलेक्टरची परवानगी. हे त्या बहिणीला सहीच्या आधी कोण समजावून सांगणार? भावाने लावलेला वकील? तो भावाचा माणूस. भिंतीवर बाबासाहेब आणि खाली बहिणीची सही, हे आपल्यातल्याच घरांत चाललं आहे. वस्तीत एक मुलगी वकील असेल तर बहीण निदान तिला जाऊन विचारील.

तसंच कंपन्यांत आणि सोसायट्यांत झाडलोट-धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बायकांचं. कामाच्या जागी छळ झाला तर १९९७ च्या विशाखा निकालाने दाद मागायचा रस्ता उघडला. त्या खंडपीठावर सुजाता मनोहर होत्या. २०१३ साली त्याचा कायदा झाला. घरकामगार आणि ठेक्यावरच्या बायकाही त्यात येतात. किती जणींना माहीत होतं? हात वर करा. बघा, तीन.

आता कामाचं. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, दोन्हीला सरकारी प्रवेश परीक्षा आहे. सनदेची फी ऐकून घाबरू नका. पूर्वी वकील परिषदा १५ हजारांच्या वरही घेत होत्या. जुलै २०२४ च्या निकालाने ठरवलं की अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आणि इतरांना ७५० रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही त्यात हक्क आहे. आणि ज्यांचा खटला चालू आहे त्यांनी ऐका, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही महिलेला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. साध्या कागदावर अर्ज चालतो. तालुक्याचं कोर्ट पौडला, जिल्ह्याचं शिवाजीनगरला, तिथं विधी सेवेचं विचारा.

समितीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे. वर्धापनदिनाच्या मंडपाचा आणि स्पीकरचा खर्च थोडा कमी करावा. घरटी महिना पन्नास रुपये. साठ घरं धरली तरी तीन हजार होतात. सनद घेतलेल्या मुलीला पहिली तीन वर्षं हे पैसे बसभाडं आणि पुस्तकांसाठी द्यायचे. उपकार म्हणून नाही. तिने दर रविवारी दोन तास विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे कागद वाचून द्यायचे. सातबारा, नोटिसा, कंपनीची पत्रं. तिचाही हात बसेल आणि पक्षकारही इथंच ओळखीचे होतील. स्थळ बघणाऱ्यांनाही सांगायचं, ही विहाराची वकील आहे, वकिली सुटणार नाही, चालत असेल तर बोला.

कुणाची मुलगी, सून, बहीण कायद्याला जाणार असेल, किंवा जाऊन अर्ध्यात सोडलं असेल, तिचं नाव लिहायला वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. सोडलेल्यांची नावं आधी लिहा. जयभीम.