मोडकी खुर्ची
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)

मंडळी, बसा. मागचे लोक पुढे या.

आज मी ही खुर्ची बरोबर आणली आहे. हलवून पाहा. हलत नाही ना? ही दहा वर्षे आमच्या माळ्यावर पडून होती. पायांमधली एक आडवी दांडी निघाली होती. बैठकीचा वेत तुटला होता. हिरव्या रंगाचे पोपडे निघत होते. दोनदा ती बंबात जाता जाता राहिली.

पुढे आईचे गुडघे गेले. खाली बसली की तिला उठवेना. दोघांनी धरावे लागे. पुन्हा पुन्हा उठायला नको म्हणून ती पाणीसुद्धा कमी पिऊ लागली. तुमच्याही घरी अशी म्हातारी माणसे असतील. शेवटी ती म्हणाली, "मला एक खुर्ची दे रे."

मी माळ्यावरची खुर्ची काढली. दोन लांब खिळे घेतले आणि दांडी ठोकून बसवली. अर्ध्या तासात काम झाले. मोठ्या ऐटीत आईला बसवले. तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात खिळ्याच्या जागी पाय उभा चिरला आणि आई पडली. हाड मोडले नाही, पण मनगट सुजले. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी खुर्ची घेऊन सुताराकडे गेलो. तो माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, सांध्यात खिळा मारायचा नसतो." मग त्याने मला शिकवले, आणि मी पाटीवर लिहून घेतले.

दांडीच्या टोकाला जीभ असते. पायाला भोक असते. जीभ भोकात बसते आणि सरस तिला धरून ठेवतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. असे वर्षानुवर्षे झाले की सरस सुटतो आणि सांधा ढिला होतो. आपण बसलो की तो थोडा हलतो. खिळा त्या हलण्याला अडवतो, पण स्वतःचे भोक मोठे करत जातो. शेवटी लाकूड चिरते.

म्हणून सांधा आधी पुरा सोडवायचा. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करायचा आणि खरवडून काढायचा. इथे आळस करू नका. जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही. मग लाकूड चांगले वाळू द्यायचे. जीभ झिजून बारीक झाली असेल तर सुताराकडून रंध्याचा पातळ छिलका आणा आणि सरस लावून जिभेवर गुंडाळा. आता नवा सरस लावा. दुकानात फेविकॉल मिळतो, तो चालतो. जीभ आत बसवा. पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या. दोरीत काडी घालून पीळ द्या आणि काडी अडकवून ठेवा. गाडीवरचा भारा आपण असाच आवळतो. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसा. एक दिवस आणि एक रात्र हात लावू नका. माझा चिरलेला पायही आत सरस भरून असाच आवळला.

पण कोणतीही मोडकी वस्तू हाती घेण्याआधी दाभण घ्या. लाकडात टोचून पाहा. दाभण भसकन आत गेले तर ते लाकूड गेले. बारीक भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. सागाच्या आतल्या लाकडाला किडा सहसा लागत नाही, आंब्याच्या लाकडाला लवकर लागतो.

आणि एक. शाळेतली मोडकी खुर्ची "पडलीच आहे" म्हणून उचलून आणू नका. तिची नोंद जडवस्तूंच्या वहीत असते. ती वही मी पुष्कळ वर्षे सांभाळली आहे, म्हणून सांगतो.

आता रंग. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिसे किती असावे याची कडक मर्यादा आपल्याकडे २०१७ साली लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. रंग पाण्याने भिजवा, पाण्यात चालणाऱ्या घासकागदाने घासा, तोंडाला फडके बांधा. मुलांना लांब ठेवा. चोथा कागदात गुंडाळून टाका, अंगणात झाडू नका. नुसते लाकूड उघडे झाले की ते वाळवा. मग आधी ८० नंबरचा कागद घ्या, नंतर १२०, शेवटी २२०. नंबर मोठा तसा कागद बारीक. तुम्ही आता आकडे वाचता, दुकानदाराला विचारायला नको. घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवे घासले तर ओरखडे राहतात.

मी वरून जवसाचे उकळलेले तेल लावले. रंगवाले त्याला बेलतेल म्हणतात. पातळ हात द्यायचा आणि उरलेले पुसून घ्यायचे. बायांनो, हे नीट ऐका. त्या तेलाचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापते, आणि चुरगळलेले फडके काडी न लावता पेटू शकते. फडके बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बैठकीला वेताऐवजी नवार घातली. आधी उभ्या पट्ट्या ताणून खालून चुका मारल्या. मग आडव्या पट्ट्या एक वर, एक खाली अशा ओवल्या. बाज विणणाऱ्याला हे सांगायला नको.

सगळे झाल्यावर आधी मी बसलो. मागेपुढे झुललो. मग आईला हाक मारली. ती लगेच बसली नाही. तिने एकेक पाय धरून हलवला, दोरीचे वळ पाहिले, खाली वाकून खिळा आहे का तेही पाहिले. मग बसली आणि म्हणाली, "पाणी आण."

पुढल्या बुधवारी कोणाकडे मोडका पाट, स्टूल काही असेल तर घेऊन या. दाभण मी आणीन.