मेरी ॲनची मजुरी



कामगार चळवळीतल्या माणसाने दूरचित्रवाणीवरच्या एका गोड मुलीविषयी बोलावयास उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मुलीविषयी बोलेनच, पण तिच्या मजुरीविषयीही बोलेन, एवढी सूट मला द्यावी.

अमेरिकेत १९६४ ते १९६७ या काळात सीबीएसने ‘गिलिगन्स आयलंड’ नावाची विनोदी मालिका दाखविली. तिचे ९८ भाग झाले. सात माणसे एका बेटावर अडकतात, इतकीच गोष्ट. दोघे खलाशी, एक कोट्यधीश व त्याची पत्नी, एक सिनेनटी, एक प्राध्यापक, आणि कॅन्ससमधल्या शेतावरची मेरी ॲन. केसांच्या दोन शेंड्या बांधलेल्या, चेहरा हसरा, हात सदैव कामात. रांधणार ती, कपडे धुणार ती. नटीपुढे माणूस बुजतो; हिच्याशी कोणीही दोन शब्द बोलावे. शेजारची मुलगी म्हणतात ती हीच.

आता गंमत पाहा. १९६३ साली नमुन्याचा जो भाग काढला, त्यात मेरी ॲन नव्हतीच! कचेरीत काम करणाऱ्या दोन मुली होत्या. पुढे त्यांची पात्रे काढून एकीच्या जागी नटी आणली, दुसरीच्या जागी शेतावरची पोर. म्हणजे हा साधेपणा मागणीबरहुकूम घडविलेला. भूमिका करणारी डॉन वेल्स तरी कुठली? नेव्हाडातल्या रेनो शहरची, १९५९ सालची ‘मिस नेव्हाडा’. साधे दिसणे हेही कसबच आहे, आणि कसबाला दाम असतो.

पहिल्या वर्षी शीर्षकगीतात पाचांचा उल्लेख होई; प्राध्यापक आणि मेरी ॲन यांची बोळवण ‘इतरां’त. आमच्याकडे कंत्राटी कामगार हजेरीपटावर असाच हरवतो. मुख्य नट बॉब डेनव्हर याने आग्रह धरला, तेव्हा दुसऱ्या वर्षापासून दोघांची नावे गीतात आली. ज्याचे नाव आधीच वर होते, तो खालच्यांसाठी भांडला. असा सहकारी कारखान्यात क्वचितच भेटतो.

नाव मिळाले; दामाचे काय? मालिका बंद पडली, तरी पुनःपुन्हा दाखविली गेली, ती दशकानुदशके. पण त्या वेळच्या करारांप्रमाणे नटांना मोबदला मिळे तो ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरताच. कितीही वेळा दाखवा, दर वेळी मोबदला द्या, हे कलम नटांच्या संघटनेने, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने, १९७४ सालच्या करारात मिळविले. तोवर मेरी ॲनचे काम होऊन सात वर्षे लोटली होती. आधी राबलेल्यांच्या हाती नव्या कराराचा लाभ लागत नाही, हे मी वाटाघाटींच्या मेजावर अनेकदा पाहिले आहे. त्या वेळी म्हाताऱ्या कामगाराच्या नजरेला नजर देववत नाही.

२०१८ साली डॉन वेल्स आजारी आणि पैशांच्या अडचणीत असताना एका स्नेह्याने तिच्यासाठी लोकांकडे मदत मागितली. अडचणीची कारणे इतरही होती. सगळा दोष कराराच्या माथी मारणे बरे नव्हे. पैसे आले, ते तिला शेजारची मुलगी मानणाऱ्या प्रेक्षकांकडून. ३० डिसेंबर २०२० रोजी कोव्हिडने तिचे निधन झाले.