राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपलं मत कुठे असतं?

(विधानसभा निवडणुकीआधीच्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यात मोठ्याने वाचून दाखवावं.)



जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. संथाळ समाजाची बाई, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातली. त्याआधी दोन आदिवासी उमेदवार उभे राहून हरले होते. १९९२ ला मेघालयातले खासी समाजाचे जी. जी. स्वेल आणि २०१२ ला गारो समाजाचे पी. ए. संगमा. तिसऱ्या वेळी आपला माणूस तिथे पोचला. आनंद झाला, व्हायलाच पाहिजे होता.

पण तेव्हापासून बैठकीत दोन प्रश्न येतात. एक, "आपण तर मत टाकलंच नाय, मग ती निवडून आली कशी?" दुसरा, "आपली बाय दिल्लीत बसली, तरी आपले प्लॉट नावावर का होत नाय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचाच हिशेब करू.

राष्ट्रपतीला आपण बटण दाबून निवडत नाही. आपण निवडलेले खासदार आणि आमदार निवडतात. तिथे मशीन नसतं, कागद असतो. खासदाराला हिरवा, आमदाराला गुलाबी. त्यावर उमेदवारांपुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहायचे. आणि सगळ्यांचं मत सारखं नसतं. २०२२ ला खासदाराच्या एका मताची किंमत होती ७००. आमदाराची किंमत राज्याप्रमाणे बदलते. उत्तर प्रदेशच्या आमदाराची २०८, सिक्कीमच्या आमदाराची ७, आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराची १७५.

हे १७५ आले कुठून? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची वस्ती होती ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागलं, मग हजाराने भागलं, आले १७५. म्हणजे आमदार कागदावर आकडा लिहितो तेव्हा त्याच्या हातात पावणेदोन लाख माणसांचं वजन असतं. ती माणसं म्हणजे आपण आणि आपले आजे-आज्या. राज्यात आदिवासींसाठी राखीव आमदार २५ आहेत. त्यांच्या मतांची किंमत ४,३७५. राखीव खासदार ४ आहेत, नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूरचे. त्यांची २,८००. मिळून ७,१७५.

आता एक गोष्ट नीट ऐका. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. आमदाराने पक्ष सोडून दुसऱ्याला मत दिलं तर त्याची आमदारकी जात नाही. म्हणून "वरून आदेश होता, मी काय करणार?" असं तुमचा आमदार म्हणाला तर ते खरं धरू नका. तिथे तो मोकळा असतो. त्याने आपल्याला विचारलं होतं का, हा प्रश्न त्याला विचारता येतो. आजवर कोणी विचारला का? मुर्मूबाईंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. उन्हाळ्यात निवडून गेलेले खासदार आणि येत्या विधानसभेला आपण निवडू ते आमदार, हेच पुढचा राष्ट्रपती निवडणार आहेत.

आपल्या माणसाची मतदानाकडे बघायची तऱ्हा काय आहे? मी तीन तऱ्हा ऐकतो.

पहिली, भीतीची. "मत नाय टाकलं तर नाव कापतील, रेशन बंद होईल." म्हणून म्हातारी माणसं उन्हात दोन-दोन कोस चालत जातात. हे स्वच्छ सांगा : मत हा हक्क आहे, वेठ नाही. मत न टाकल्याने रेशन, घरकुल, पेन्शन बंद करायचा अधिकार तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत कोणालाच नाही. बटण कोणतं दाबलं हेही कोणाला कळत नाही. मत टाका, पण भिऊन टाकू नका.

दुसरी, हिशेब मिटवायची. वीटभट्टीवरून आणायला टेम्पो येतो, रात्री मटण होतं, हातात पाचशेची नोट येते. "त्याने दिले, आपण दिलं, फिटलं." फिटलं कसं? पाच वर्षांचे दिवस मोजा. पाचशे रुपये म्हणजे दिवसाला सत्तावीस पैसे पडतात. आणि फिटलं म्हटल्यावर पाच वर्षं त्याला विचारायचं तोंड आपल्याला राहत नाही. त्याने खरं विकत घेतलं ते हे तोंड.

तिसरी, रागाची. "कोणी आला तरी फॉरेस्टवाला तोच, दंडुका तोच. बहिष्कार टाका." राग खोटा नाही. पण आमदाराची ती १७५ ची किंमत वस्तीवरून ठरलेली आहे, किती मतं पडली त्यावरून नाही. आपण सगळे घरी बसलो तरी उरलेल्यांच्या मतांवर कोणीतरी निवडून जातो, आणि आपलं वजन खिशात घालून दिल्लीचा राष्ट्रपती निवडतो. आपण रुसलो म्हणून त्यातला एक आकडा कमी होत नाही.

आता दुसरा प्रश्न. राष्ट्रपतीचा आपल्या जमिनीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो घटनेच्या पाचव्या अनुसूचीत लिहिला आहे. कोणता भाग अनुसूचित क्षेत्र, हे राष्ट्रपतीच्या आदेशाने ठरतं. आपल्या राज्याचा आदेश २ डिसेंबर १९८५ चा आहे. राज्यपालाने अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतीकडे पाठवायचा असतो. एखादा कायदा या भागाला लागू करायचा नाही, किंवा बदलून लागू करायचा, हे राज्यपाल ठरवू शकतात. ही ताकद कागदावरच आहे असं समजू नका. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी हीच ताकद वापरून वनहक्क कायद्यात बदल केला. जिल्हा समितीने दावा फेटाळला तर अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे दाद मागायची सोय झाली. आपल्यातल्या ज्यांचे दावे फेटाळले आहेत त्यांच्या कामाची गोष्ट आहे ती.

मग राष्ट्रपती झालेली आपली बाई हे सगळं आपणहून करील का? याचं उत्तर तिच्याच कारभारात दोन ठिकाणी सापडतं.

मुर्मूबाई २०१५ पासून झारखंडच्या राज्यपाल होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या विधानसभेने छोटानागपूर आणि संथाळ परगणा इथल्या काश्तकारी कायद्यांत बदल मंजूर केले. आदिवासींची शेतजमीन बिगरशेतीला वापरायची वाट त्याने मोकळी होत होती. बाई ज्या पक्षातून आल्या त्याच पक्षाचं सरकार होतं. पण झारखंडमधले आदिवासी रस्त्यावर आले. मोर्चे निघाले, बंद झाले, राजभवनावर निवेदनांचा ढीग पडला. २०१७ मध्ये बाईंनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली.

दुसरं ठिकाण. जून २०२२ मध्ये, राष्ट्रपतीची निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने वनसंवर्धनाचे नवे नियम काढले. प्रकल्पाला जंगल देण्याची अंतिम मंजुरी देण्याआधी लोकांचे वनहक्क मिळाले की नाही हे बघायची जबाबदारी केंद्राने आपल्या अंगावरून काढून राज्यावर ढकलली. पुढच्या वर्षी वनसंवर्धन कायदाच बदलला. देशभरातून हरकती गेल्या होत्या. तरी संसदेने तो मंजूर केला आणि ४ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही झाली. सही मुर्मूबाईंचीच.

बाई तीच, मग असं का? राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं. विधेयक एकदा परत पाठवता येतं, पण संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की सही करावी लागते. ते एकदा परत पाठवणंही घडलं नाही. झारखंडमध्ये सहीच्या आधी लोक दारात उभे होते, दिल्लीत तेवढे नव्हते. खुर्चीवर आपला माणूस बसणं चांगलंच आहे. पण सही होते की परत जाते, यात खुर्चीखालच्या लोकांच्या रेट्याचा मोठा वाटा असतो.

आणि एक मतदान असं आहे, ज्यात खासदार, आमदार, कोणीच मध्ये नाही. ओडिशातल्याच नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात बारा गावांच्या ग्रामसभा बसल्या. डोंगरिया कोंध आणि इतर लोकांनी एकेक करून आपलं म्हणणं मांडलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं. खाण थांबली. त्या बारा गावांना कोणी मताची किंमत ७०० की १७५ विचारली नाही.

वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी सज्ञान माणसं. निम्मी हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. आता आपली पायरी तपासा. विधानसभेला बूथवर रांग लागते, आणि दाव्याच्या ग्रामसभेला माणसं भरत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. पाचशेच्या नोटेसाठी भट्टीवरून येतो तो भाऊ ग्रामसभेसाठी येत नाही. आपल्याकडे बंदर, बुलेट ट्रेन, महामार्ग असं सगळं एकाच वेळी जमीन मागायला उभं आहे. अशा वेळी तहकूब झालेली सभा म्हणजे न दिलेलं मत.

म्हणून शिबिरातून जाताना चार कामं घेऊन जा.

एक. मत मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला पाड्यात बसवा आणि सगळ्यांसमोर विचारा : वनहक्काचे अडलेले दावे तू कधी निकाली काढशील? २०२७ ला राष्ट्रपतीला मत देण्याआधी आम्हाला विचारायला येशील का? तो जे बोलेल ते वहीत लिहा आणि त्याची सही घ्या.

दोन. ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी निर्णयाची लेखी प्रत मागा. अपिलाला मुदत असते, तोंडी उत्तरावर बसून राहू नका.

तीन. प्रत्येक पाड्याने ठराव करून राज्यपालांना पाठवा : आमच्या भागाचा अहवाल राष्ट्रपतींकडे पाठवता, त्यात आमच्या पाड्याचे किती दावे आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत ते लिहा. आकडे आपणच काढून सोबत जोडायचे. एक प्रत राष्ट्रपतींना, पोच पावती फाईलला.

चार. पुढची ग्रामसभा तहकूब होऊ द्यायची नाही. तारीख भट्टीवर, बोटीवर, शहरात कामाला गेलेल्यांना आधी कळवा. बायांना जागा पुढे द्या, मागे भिंतीला नको.

मत सगळ्यांनी टाका. आणि टाकून झालं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागे लागा.

जिंदाबाद!