बंद घर, साठलेले पाणी आणि आपले आरोग्य
(जबल अली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





या व्यासपीठावरून दरवर्षी विचारप्रवर्तक व्याख्याने होतात. मी व्यवसायाने वैद्यक असल्यामुळे मधुमेह किंवा रक्तदाब यांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी एका साध्या घरगुती विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे मायदेशी जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये येथील घरे सात-आठ आठवडे कुलूपबंद राहतात. ते घर बंद कसे करावे आणि परतल्यावर उघडावे कसे, हा माझा विषय आहे. हा केवळ वीजबिलाचा किंवा चोरीच्या भीतीचा प्रश्न नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे आणि माझ्या मते काही अंशी न्यायाचाही प्रश्न आहे.

कॅनडा किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यात घर बंद ठेवणारा मनुष्य सर्वप्रथम पाण्याचा विचार करतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळ फुटतात आणि पुढे बर्फ वितळला की घरभर पाणी होते. म्हणून मुख्य नळ बंद करून नळांतील पाणी काढून टाकण्याची शिस्त तेथे अंगवळणी पडली आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, ते तापते. नळ फुटत नाही, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आणि नुकसान दिसत नाही, म्हणून शिस्तही निर्माण झालेली नाही.

समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रचंड प्रकल्प याच जबल अलीत आहे. तेथून निघणारे पाणी शुद्ध असते, याविषयी शंका नको. प्रश्न पुढचा आहे. ते पाणी इमारतीच्या टाकीत आणि आपल्या नळांत किती दिवस व किती तापमानात पडून राहते? पाण्यातील क्लोरीन उष्णतेने आणि काळाने उडून जाते. त्यानंतर त्या पाण्याला राखणदार उरत नाही.

१९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन एका हॉटेलात भरले होते. त्यानंतर २२१ जण न्यूमोनियासदृश रोगाने आजारी पडले आणि त्यांतील ३४ दगावले. १९७७ च्या जानेवारीत या रोगाचा जंतू सापडला. त्याला ‘लीजनेला’ हे नाव मिळाले. हा जंतू २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. सुमारे ३५ अंश हे त्याचे विशेष आवडते तापमान. पाणी प्यायल्याने सहसा हा रोग होत नाही. शॉवरचे किंवा नळाचे पाणी उडून जे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात, ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने तो होतो.

आता आपल्या घरातील एक सवय पाहू. उन्हाळ्यात येथे थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असे पाणी येते. म्हणून आपण हीटरची वीज बंद करतो आणि हीटरच्या टाकीत निवलेले पाणी स्नानाला वापरतो. रोज वापर असतो तोपर्यंत हे पाणी निदान बदलत राहते. परंतु हीटर बंद, वातानुकूलन बंद आणि घराला कुलूप, अशा स्थितीत आतील हवा सहज ३५ अंशांच्या आसपास जाते. तेच तापमान हीटरमधील पाण्याचे होते. दोन महिने हे पाणी हलत नाही. परतलेले कुटुंब विमानतळावरून थेट घरी येते आणि पहिले काम करते ते शॉवरखाली उभे राहण्याचे!

यावर उपाय खर्चाचे नाहीत. जाण्यापूर्वी हीटरची वीज बंद करून इमारतीच्या प्लंबरकडून त्यातील पाणी काढून घ्यावे आणि घराचा मुख्य नळ बंद करावा. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असेल, तर याहून चांगला मार्ग म्हणजे मुख्य नळ चालू ठेवून त्याने आठवड्यातून एकदा सर्व नळ काही मिनिटे सोडावेत. परतल्यावर प्रथम खिडक्या उघडाव्यात. शॉवरचे तोंड बादलीत बुडवून, तुषार न उडू देता, प्रत्येक नळ हळूहळू सोडून निदान पाच मिनिटे वाहू द्यावा. हीटर भरून पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे, तासभर तसेच ठेवावे आणि मग गरम नळातून वाहू द्यावे. या वेळी मुलांना मोरीजवळ येऊ देऊ नये, कारण एवढ्या गरम पाण्याने क्षणात भाजते. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर बंद इमारती उघडताना अनेक देशांतील आरोग्ययंत्रणांनी पाणी असेच वाहू देण्याचा सल्ला दिला होता.

पन्नाशी उलटलेले, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि फुप्फुसाचे जुने दुखणे असणारे यांना हा धोका अधिक असतो. घर उघडल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप, कधी जुलाब किंवा भ्रम अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे की घर दोन महिने बंद होते. पेनिसिलीनच्या जातीची औषधे या जंतूवर चालत नाहीत. वेगळी प्रतिजैविके द्यावी लागतात. रुग्णाच्या त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

दुसरी गोष्ट मोरीची. मोरीतील नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम राहते आणि तेच गटारातील हवेला व झुरळांना अडवते. उष्णतेने ते पाणी काही आठवड्यांत आटते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचा रोग तीनशेहून अधिक रहिवाशांना झाला. तेथे कोरडे पडलेले ट्रॅप हे प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण ठरले. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे गोडे तेल ओतावे. तेलाचा थर पाणी लवकर आटू देत नाही.

तिसरी गोष्ट दमट हवेची. वातानुकूलन पूर्ण बंद केल्यास गाद्या, पुस्तके आणि लाकडी कपाटे यांवर बुरशी धरते. दमेकऱ्यांना ती फार त्रास देते. शक्य असल्यास यंत्र २६ ते २८ अंशांवर चालू ठेवावे. तत्पूर्वी त्याची जाळी आणि पाणी वाहून नेणारी नळी साफ करून घ्यावी, नाहीतर तुंबलेले पाणी छतातून गळते. गॅस सिलिंडर बंद करावा. इन्शुलिन २ ते ८ अंशांत आणि बहुतेक गोळ्या २५ ते ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. त्या बंद घरात सोडू नयेत. कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवणाऱ्या भगिनींना विनंती की, तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते आणि या गोळ्यांमुळे त्यांच्या रक्तपेशी फुटतात.

आपल्या जुडग्यात बहुधा आणखी एक किल्ली असते, ती गावाकडच्या घराची. तेही वर्षभर बंद असते आणि आपण ते ऐन पावसाळ्यात उघडतो. तेथे उंदरांचा वावर झालेला असतो आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून प्रथम दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, अनवाणी फिरू नये.

बंधू-भगिनींनो, आता न्यायाच्या मुद्द्याकडे येतो. बंद घरात पहिले पाऊल बहुतेक वेळा आपण टाकतच नाही. आपण येण्याच्या आदल्या दिवशी सफाईसाठी कोणाला तरी पाठवतो. बुरशीची धूळ पहिल्यांदा तिच्या किंवा त्याच्या नाकात जाते; साठलेल्या पाण्याचा पहिला तुषार तीच व्यक्ती श्वासात घेते; आणि घाईत ब्लीच व आम्लयुक्त संडास-सफाईचे द्रव एकत्र ओतले गेले, तर निघणारा विषारी क्लोरीन वायूही तिच्याच वाट्याला येतो. पिढ्यान्पिढ्या इतरांची घाण काढण्याचे काम ज्या समाजावर लादले गेले, त्या समाजातून आपण येथवर आलो आहोत. जो धोका आपल्याला ठाऊक आहे, तो न सांगता दुसऱ्याच्या अंगावर सोडणे आपल्याला शोभणारे नाही. हातमोजे आणि मुखपट्टी द्यावी, रसायने वेगवेगळी वापरण्यास बजावावे आणि नळ वाहू देण्याचे काम स्वतः करावे.

शेवटी मंडळाला एक सूचना. आपल्यातील अनेक बांधव एका खोलीत चौघे-सहा जण राहतात. त्यांना दोन-दोन वर्षे रजा मिळत नाही आणि भर उन्हाळ्यातही ते येथेच असतात. मे महिन्याच्या बैठकीत जाणाऱ्यांची व राहणाऱ्यांची यादी करावी. जाणाऱ्याने आपली किल्ली राहणाऱ्याच्या हाती द्यावी. त्याने आठवड्यातून एकदा नळ सोडावेत, मोरीत पाणी घालावे आणि त्या घराच्या मोकळ्या हवेत, हवे तर, एक दिवस निवांत झोपावेही! पुढे तो रजेवर जाईल तेव्हा त्याच्या सामानाची आणि कागदपत्रांची काळजी आपण घ्यावी. घर सांभाळण्याचा याहून भक्कम उपाय मला ठाऊक नाही.