कुंकवाचा करंडा आणि कायद्याची मर्यादा

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतून संक्रांतीचे व चैत्रगौरीचे हळदीकुंकू काही विलीन झाले नाही. माळव्याच्या सहवासाने एवढेच झाले की, कपाळीच्या कुंकवाला भांगातील सिंदुराची जोड मिळाली. हे दोन्ही पदार्थ लाल, दोन्ही सौभाग्याचे. तथापि त्यांच्या घटकांत जमीनअस्मानाचे अंतर असू शकते.

कुंकू मूळचे हळदीचे. हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांचे पुट देऊन ते तयार करण्याची रीत जुनी आहे. शेंदूर मात्र परंपरेने शिशाचा प्राणिद, आणि हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. आज बाजारात मिळणारे स्वस्त कुंकू पुष्कळदा पिठूळ भुकटी व कृत्रिम रंग यांचे मिश्रण असते. त्या रंगात काय आहे, हे डोळ्यांना कळत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सीतून ९५ आणि भारतातून २३ असे सिंदुराचे ११८ नमुने तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक शिसे आढळले. शिसे अंगी साठते. त्याचा सर्वांत मोठा घाला लहान मुलांच्या मेंदूवर होतो, आणि आईच्या भांगातला सिंदूर बाळाच्या हाताला व हातावाटे तोंडाला लागण्यास कितीसा वेळ लागतो?

श्रोतेहो, कायदा या बाबतीत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चा. त्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला. पुढे १५ डिसेंबर २०२० रोजी सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. रंग देण्यासाठी शिसे अथवा सोमल यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे. वापरावयाच्या सेंद्रिय रंगांतही दशलक्ष भागांत सोमल २ भागांहून व शिसे २० भागांहून अधिक असता कामा नये. कोणते रंग चालतील आणि कोणते कच्चे घटक वर्ज्य, याच्या याद्या भारतीय मानक ब्यूरो ठरविते. आणि त्या वेळोवेळी सुधारल्या जातात.

येथेच लहान उत्पादकाची खरी अडचण आहे. गावातील महिला बचत गटाने कुंकू अथवा काजळ करून विकावयास घेतले, तर त्या गटालाही उत्पादनाचा परवाना आवश्यक ठरतो. विक्री करणाऱ्या दुकानदाराला तो लागत नाही, करणाऱ्याला लागतो. पुष्कळांची गफलत याच ठिकाणी होते. परवाना एकदा भिंतीवर टांगला म्हणजे काम संपले असेही नाही. गेल्या वर्षी चाललेला रंग या वर्षीच्या यादीत आहे काय, हे पाहावे लागते. रंगाच्या प्रत्येक खेपेबरोबर पुरवठादाराकडून तपासणीचा दाखला मागून ठेवावा लागतो. सुटा रंग स्वस्त मिळतो हे खरे. परंतु कापडाच्या रंगाची पुडी आणि कपाळाच्या रंगाची पुडी एका दुकानातून, एकाच मापाने येऊ लागली की अनर्थ ओढवतो.

मर्यादा कशा बदलतात याचे ठळक उदाहरण पाऱ्याचे आहे. २०२० साली अधिसूचित झालेल्या नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनांत टिकाऊपणासाठी दशलक्ष भागांत ७० भागांपर्यंत पारा चालेल, असे ठरविले होते. इतर प्रसाधनांत तो नकळत आला तरी १ भागाच्या वर चालणार नाही, असे त्यांत होते. भारताने २०१८ साली स्वीकारलेल्या मिनामाता करारातही आरंभी १ भागाचीच मर्यादा होती. २०२३ च्या बैठकीत ती मर्यादाच काढून पारा मिसळलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले. कारण उघड होते. त्याच वर्षी केरळातील कोट्टक्कल येथील वैद्यांनी गोरेपणाची मलमे वापरणाऱ्या रुग्णांच्या मूत्रपिंडांचा विकार निदर्शनास आणला होता. गोरेपणाच्या हव्यासापोटी मूत्रपिंड गमावणे हा सौदा कोणाही शहाण्याला परवडणारा नाही.

घरगुती परीक्षांवर फार विसंबू नये. चुन्याने लाल केलेली हळद लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी पडते, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य दाखवावे; मुलांना ते आवडतेही. पण टाकणखाराच्या कुंकवाला ही परीक्षा लागू पडत नाही, आणि शिसे तर ती मुळीच ओळखत नाही. शिशाचा शेंदूर हाताला विलक्षण जड लागतो. तथापि अल्प प्रमाणातील शिसे वजनावरून कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेले प्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकतो. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत नसेल, तर असे प्रसाधन घेऊच नये.

एक बाब मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. प्रसाधन म्हणजे मनुष्याच्या अंगाला लावावयाचा पदार्थ, अशी अधिनियमाची व्याख्या आहे. त्यामुळे देवाच्या मूर्तीसाठी विकला जाणारा शेंदूर या व्याख्येत बसत नाही, आणि ‘केवळ पूजेसाठी’ असे छापलेल्या पुडीला वरील मर्यादांचा धाक नाही. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांच्या दर्शनाला गेलेला भाविक, अथवा गावच्या पारावरील मारुतीला नमस्कार करणारा शेतकरी, मूर्तीचा शेंदूर बोटाने टिपून कपाळी लावतो, लहानग्याच्याही लावतो. मूर्तीला शेंदूर आणि भाविकांच्या कपाळी हळदीचे कुंकू, अशी दोन निराळी तबके ठेवणे देवळाच्या व्यवस्थापकांना कठीण नाही. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.