गाडी ‘दादा’ची, नाव कोणाचं?

मी अंबरनाथला राहतो. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हा माझा धंदा. सर्व्हेअर म्हणतात आम्हाला. आमचा पाय दारात पडला की समजायचं, गाडीचं काहीतरी वाईट झालंय. आज मात्र गाडी धडधाकट असतानाच बोलायला आलोय. सांगायचं एकच आहे: जुनी गाडी घेताना आपण नंबर बघतो, नाव बघत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तर आवाज कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

एमएच ०५ म्हणजे कल्याण आरटीओ. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळ्यांची पाटी हीच. शेवटचे चार आकडे पैसे भरून मागता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कोणाला जन्मतारीख हवी असते, कोणाला बेरीज नऊ यायला हवी असते, कोणाला ०७८६. हौसेला मोल नाही म्हणतात, पण आरटीओत आहे. २०२४च्या ऑगस्टअखेर सरकारने दर वाढवले, तेव्हा चारचाकीचा ०००१ तीन लाखांवरून पाच लाखांवर गेला. आणि ज्याचं नुसत्या आकड्यांनी समाधान होत नाही, तो त्यातून अक्षरं काढतो. ४१४१ जरा वळणदार रंगवलं की झालं ‘दादा’. २१४चा ‘राम’ होतो. ८०५५चा इंग्रजी ‘बॉस’ होतो, आणि असे बॉस आपल्या स्टेशन रोडवर दर दहा मिनिटांनी उलट्या बाजूने घुसताना दिसतात. असो.

माझा भाचा बदलापूरला पश्चिमेला राहतो. त्याने दोन वर्षांपूर्वी एक पांढरी गाडी घेतली, सेकंडहँड. नंबर ४१४१. पाटीवर झोकदार ‘दादा’. विकणाऱ्याने नंबरचे म्हणून चाळीस हजार वेगळे लावले, आणि ह्याने दिले! मला फोन करून म्हणाला, “मामा, नंबर बघायला या.” मी म्हटलं, “अरे, गाडी बघायला ये म्हण की.”

आता ऐका. पसंतीच्या नंबरचे पैसे पहिल्या मालकाने सरकारला एकदाच भरलेले असतात. पुढे तो नंबर गाडीचा. गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर जातो, सरकार त्याचे दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. इंग्लंडात तसं नाही. तिथे हौसेचा नंबर गाडीवरून काढून मालकाला स्वतःकडे ठेवता येतो, मग घेणाऱ्याच्या हाती गाडी येते ती दुसऱ्याच नंबराची. तिथल्या नंबरावरून गाडीचं वय कळतं आणि हौसेच्या नंबराखाली ते झाकतं, हा आणखी एक... पण ते राहू द्या, आपण बदलापुरात होतो. भाच्याने चाळीस हजार दिले ते विकणाऱ्याच्या बोलण्याला.

पुढे जुन्या गाड्यांना एचएसआरपीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची सक्ती आली. एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना ती ॲल्युमिनियमची पाटी. डाव्या अंगाला अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसला की तोडल्याशिवाय न निघणारा खटका. कारसाठी ७४५ रुपये, वर जीएसटी. भाचा पाटी बसवून आला आणि गाडीसमोर उभा राहिला. सरकारी ठशातले आकडे, इंग्रजी वळणाचे, एकाला वेलांटी नाही की कोणाला शेपूट नाही. दादा गेले आणि चार-एक-चार-एक राहिले. खरं तर १९८९च्या नियमांनीच अक्षरांचं वळण आणि मापं ठरवून दिलेली आहेत. दादा पहिल्यापासूनच बेकायदा होते.

हसू नका, ह्यात हसण्यासारखं एवढंच होतं. मी म्हटलं, आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र दाखव. आरसीवर नाव उल्हासनगरच्या एका गृहस्थांचं. कॅम्प चार, बराक नंबर अमुक. ते भाच्याला गाडी विकणारे नव्हेत, विकणाऱ्याच्याही आधीचे मालक. आणि गाडीच्या खणात एक खाकी पाकीट. पाकिटात टीटी फॉर्म, म्हणजे आपले फॉर्म २९ आणि ३०. खाली निळ्या बॉलपेनाने सही. तारखेची जागा कोरी. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. कोपऱ्यात टाचलेल्या फोटोची पिन गंजून तिचा तपकिरी डाग सहीपर्यंत उतरलेला. भाचा म्हणाला, “फॉर्म सही केलेला आहे ना मामा, मग काय?”

मग काय! आपल्याकडे घर घेताना आपण काय करतो? दारावर पितळेची पाटी आहे, छान अक्षरात नाव कोरलंय, म्हणून कोणी पैसे मोजतं का? उल्हासनगरकरांना तर हे मी सांगायला नको. बराकींच्या नंबरांवर ज्या शहराचे पत्ते चालतात, तिथे नंबर म्हणजे काय आणि मालकी म्हणजे काय, ह्यातला फरक लहान पोरालाही कळतो. बराकीचा नंबर दारावर असतो, मालकी कागदावर. आपण सनद मागतो, इंडेक्स टू मागतो, जमीन असेल तर सातबारा मागतो, आणि व्यवहार झाला की फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालतो. गाडीचा नंबर म्हणजे दारावरची पाटी. आरसी म्हणजे सातबारा. टीटी फॉर्म हा फेरफाराचा अर्ज आहे, आणि तो अर्ज आपण घरात पाकिटात ठेवून देतो! विकणाऱ्याला चौदा दिवस, घेणाऱ्याला तीस दिवस, एवढी मुदत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये दिलेली आहे. राज्यातल्या राज्यात, बरं का. भाच्याची दोन वर्षं झाली होती.

कोणी म्हणेल, लाइटबिलसुद्धा कित्येकांकडे अजून जुन्या मालकाच्या नावाने येतं, काय बिघडतं? बरोबर आहे. पण घर जागचं हलत नाही. गाडी हलते, आणि कोणाला तरी लागते. लागली की पोलीस, न्यायाधिकरण आणि मी, तिघेही आधी आरसीवरचं नाव वाचतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं. गाडी एकापाठोपाठ तिघाचौघांना विकली गेलेली, नोंदणीत नाव पहिल्याचंच. न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून, पैसे घेऊन, विसरून गेलेला माणूस!

हे झालं विकणाऱ्याचं. घेणाऱ्याने गालात हसू नये. विमा जुन्या नावावर असेल तर रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई मिळते, कायद्यानेच तो भाग गाडीबरोबर येतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचा पत्रा चेपला, त्याचे पैसे? पॉलिसी तुमच्या नावावर करून घेतली नसेल तर नाही मिळत. हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय. मी स्वतः किती जणांसमोर उभा राहून हे सांगितलंय! समोर चेपलेली गाडी, तिच्यावर मिरवणारा नंबर, आणि माणूस म्हणतो, “साहेब, नंबरचेच एवढे दिलेत हो.” नो क्लेम बोनसही जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. नंबर येतो, बोनस येत नाही. लक्षात ठेवा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं राहिली. मला पुराच्या गाड्यांबद्दल बोलायचं होतं. २००५चा जुलै आणि २०१९चा जुलै बदलापूरकर विसरलेले नाहीत. उल्हास नदीच्या पाण्यात बुडालेली गाडी पुढे चकाचक होऊन विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, आत गाळाची रेघ दिसते का. आणि चेसिस नंबर. सतरा अक्षरं-आकडे, पत्र्यावर ठोकलेले. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, प्रिंट उमटते, ती आरसीशी ताडून... हे पुढच्या वेळी, बोलावलंत तर.

तर, भाच्याच्या आरसीवरचे उल्हासनगरचे ते गृहस्थ सापडले. वयस्कर, कपड्याचं लहानसं दुकान होतं त्यांचं, आता मुलगा बघतो. नव्याने सही करायला कल्याणला आरटीओत स्वतः आले. आल्या आल्या त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि भाच्यापुढे धरला. ई-चलनाचे अकरा मेसेज. सीटबेल्ट नाही, सिग्नल तोडला, पुन्हा सीटबेल्ट नाही. गाडी विकूनही चलनं त्यांच्याच मोबाइलवर यायची. भाच्याला म्हणाले, “नंबर मीच हौसेने घेतला होता, मुलगा झाला त्या वर्षी. दोन वर्षं मेसेज वाचतोय. हा दादा कोण, ते बघायलाच आलो.” भाच्याची मान खाली. चलनं भाच्याने भरली, आरसी त्याच्या नावावर झाली, मग पॉलिसीही. त्यांनी जाताना गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, ते मी पाहिलं.

बाई आता उभ्याच राहिल्या आहेत. तेव्हा श्रोतेहो, हे भाषण संपलं की खाली जा, गाडीचा खण उघडा आणि आरसीवरचं नाव मोठ्याने वाचा. पाकिटात कोरा टीटी फॉर्म निघाला, तर उद्या सकाळी ज्याची सही आहे त्याला फोन करा.